ताट, खाट आणि कानाचं मशीन

दिवाळीत घरी, म्हणजे वाशीमला गेलो होतो. जुन्या कपाटाच्या खणात चार्जर शोधताना एक छोटी प्लॅस्टिकची डबी सापडली. आत कापसावर ठेवलेलं आजीचं कानाचं मशीन! पाच वर्षांपूर्वी घेतलेलं, आणि फार तर पाच दिवस वापरलेलं. बॅटरीच्या कप्प्यात पांढरी बुरशी धरली होती.

"आजी, हे का नाही लावत?" मी विचारलं. तिनं नुसतंच हसून मान हलवली. म्हणजे प्रश्न पोचलाच नव्हता. मी ओरडून विचारलं, तेव्हा म्हणाली, "लावली का सारा गाव कानात बोंबलते."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. एखादी वस्तू बनते, विकली जाते आणि तरी कोणी वापरत नाही, हे बघितलं की आमच्यासारख्यांना चैन पडत नाही. त्यात आजीच्या बाबतीत गोष्ट नुसत्या कानाची नव्हती. गेलं वर्षभर घरात एक शब्द दबक्या आवाजात फिरत होता... डिमेन्शिया. (दबक्या आवाजात कशाला, तिला तसंही ऐकू जात नाही! पण असो.) म्हणून मागचे तीन-चार वीकेंड ह्या मशीनचा इतिहास धुंडाळण्यात घालवले. त्यात जे सापडलं ते आज लिहितोय.

पण आधी घरातला एक प्रसंग. दुपारी आईनं आजीला विचारलं, "ताट वाढू का?" आजी म्हणाली, "एवढ्या दुपारची खाट कायले काढतं वं?" सगळे हसले. काका मात्र हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "बघ, डोकं चालेनासं झालंय."

आता हे वाक्य जरा इंजिनियरच्या नजरेनं बघा. "ताट वाढू" आणि "खाट काढू". आ, आ, ऊ... स्वर तेच, त्याच क्रमानं. फरक आहे तो फक्त व्यंजनांचा. म्हातारपणी कान जातो तो सगळा एकदम जात नाही, आधी वरच्या फ्रिक्वेन्सी जातात. स्वरांची ताकद खालच्या पट्टीत असते, ते टिकतात. त, ख, स, श, च, फ ह्यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या बारीकशा आवाजावरून, आणि तेच आधी गळतात. म्हणून रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर आजीला ऐकू येतो आणि समोरच्या माणसाचं वाक्य अर्धवट पोचतं. उरलेल्या गाळलेल्या जागा मेंदू आपल्या परीनं भरतो. आजी स्वतः हे किती नेमकं सांगते बघा: "मले आयकू येते रे, पन समजत नाही."

म्हणजे आजीचं उत्तर बरोबरच होतं. प्रश्न चुकीचा पोचला होता.

आता मशीनकडे. कानाला नळी किंवा शिंग लावून ऐकायची युक्ती फार जुनी. लंडनच्या एफ. सी. राईन ह्या कंपनीनं १८१९ साली पोर्तुगालचा राजा सहावा जॉन ह्याच्यासाठी एक सिंहासन बनवलं. त्याच्या हातांना सिंहाची तोंडं कोरलेली. बोलणाऱ्यानं गुडघे टेकून त्या सिंहाच्या जबड्यात बोलायचं, आणि आवाज नळीतून राजाच्या कानापाशी पोचायचा. मला ह्यातली एक गोष्ट फार आवडली. ऐकू राजाला येत नव्हतं, पण त्रास बोलणाऱ्याला घ्यावा लागत होता! जवळ यायचं, खाली वाकायचं, एका वेळी एकानंच बोलायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचा टप्पा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा. टेलिफोन १८७६चा, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण बेलची आई आणि बायको दोघीही बहिऱ्या होत्या, आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांना शिकवायचा, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच असतं. आईच्या कर्ण्यात मोठ्यानं ओरडण्याऐवजी बेल तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत, संथपणे बोलायचा म्हणे. ज्यानं पुढे टेलिफोन केला त्याची पहिली युक्ती अशी विनायंत्राची होती.

टेलिफोनमधल्या कार्बन मायक्रोफोनवरूनच १८९८च्या सुमारास मिलर रीस हचिसन ह्या अमेरिकन माणसानं विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं. मग १९२०च्या दशकात व्हॉल्व्हची यंत्रं आली. आधी पेटीएवढी, नंतर तिसाव्या दशकाच्या शेवटी अंगावर वागवता येतील अशी. त्यांना बॅटऱ्या दोन लागायच्या: एक व्हॉल्व्हची तार तापवायला आणि दुसरी जास्त व्होल्टेजची. कान एक आणि खिशात दगड दोन!

आणि मग आला ट्रान्झिस्टर. आमच्याकडे अजूनही ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ. आजोबांचा चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर माळ्यावर पडून आहे. माझीही समजूत अशीच होती की ट्रान्झिस्टर आधी रेडिओत आला असणार. चूक! बेल लॅब्जमध्ये डिसेंबर १९४७मध्ये त्याचा शोध लागला, आणि लोकांना दुकानात विकत घेता येईल अशा वस्तूत तो पहिल्यांदा आला तो श्रवणयंत्रात: सोनोटोन १०१०, डिसेंबर १९५२. त्यात दोन छोटे व्हॉल्व्ह आणि एक ट्रान्झिस्टर होता. खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ, रीजन्सी टीआर-वन, आला तो १९५४च्या ऑक्टोबरात, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी. ग्रॅहॅम बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून ट्रान्झिस्टरची रॉयल्टी घ्यायची नाही, असंही बेल लॅब्जनं ठरवलं होतं. इंटिग्रेटेड सर्किटचंही तेच. १९६४च्या सुमाराला ते सामान्य ग्राहकाच्या वस्तूत आलं, ते कानाच्या यंत्रातच. आज ज्या धंद्यावर माझी रोजीरोटी चालते, त्याची पहिली गिऱ्हाइकं कमी ऐकू येणारी माणसं होती. हे मला ह्या वयात कळावं म्हणजे कमाल आहे.

पण यंत्र लहान होत गेलं तरी एक तक्रार तशीच राहिली. ती तुमच्याही घरात ऐकली असेल. आजीच्या शब्दांत: "हळू बोलतं त आयकू येत नाही, अन् बोंबलतं त कान फुटते!" घरच्यांना हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटतो. खरं म्हणजे हे शरीरशास्त्र आहे. आतल्या कानातल्या पेशी गेल्या की बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. म्हणजे "ऐकू येत नाही" आणि "सहन होत नाही" ह्यांच्यामधली जागा चिंचोळी होते. जुनी यंत्रं सगळाच आवाज सारखा वाढवायची. बोलणं वाढायचं, आणि पातेलं पडल्याचा आवाजही तेवढाच वाढायचा. एडगर विल्चर ह्या अमेरिकन संशोधकानं १९७३ साली दाखवून दिलं की वेगवेगळ्या पट्ट्यांतला आवाज वेगवेगळा दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, त्या चिंचोळ्या जागेत बसवता येतो. पेटंट न घेता त्यानं ते काम सरळ छापून टाकलं. १९९६मध्ये वायडेक्स आणि ओटिकॉन ह्या डॅनिश कंपन्यांची पूर्ण डिजिटल, कानात किंवा कानामागे बसणारी यंत्रं आली. तेव्हापासून कानात एक छोटा कॉम्प्युटरच बसतोय म्हणा ना.

मग आजीच्या कानात सारा गाव का बोंबलत होता?

कारण हा कॉम्प्युटर प्रत्येक कानासाठी ट्यून करावा लागतो. आधी ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ऐकू येतं त्याचा आलेख काढायचा. त्यावरून सेटिंग. मग दोन-तीन आठवडे वापरून परत जायचं, तक्रारी सांगायच्या, परत सेटिंग. मेंदूला वर्षानुवर्षं शांततेची सवय झालेली असते. त्याला पंख्याची घरघर, भांडी, कागदाचा चुरचुराट हे सगळं नव्यानं मुरवून घ्यायला आठवडे लागतात. चष्म्यासारखं लावलं आणि दिसलं असं हे काम नाही. आम्ही काय केलं होतं? एका दुकानातून मशीन आणलं, कानात घातलं, आणि आजी वैतागल्यावर डबीत ठेवून दिलं. परत दाखवायला जायचं असतं हे दुकानदारानं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

ह्यात आपल्या भागाचा इतिहासही येतो. ऑडिओलॉजिस्ट हा व्यवसायच आपल्या देशात साठ वर्षांचा. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ची. मुंबईत नायर हॉस्पिटलमध्ये अभ्यासक्रम सुरू झाला १९६६मध्ये. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची. (अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते, १९७६ साली पदावर असतानाच वारले.) यंत्रं बनवायला कानपूरची सरकारी अलिम्को कंपनी १९७२ साली स्थापन झाली, उत्पादन १९७६पासून. अपंगांना साधनं देणारी केंद्राची ॲडिप योजना १९८१ची. खिशाला डबी आणि कानापर्यंत वायर, अशी यंत्रं शिबिरांतून खेडोपाडी पोचली. पण शिबिर एका दिवसाचं असतं आणि कान रोजचा. यंत्र वाटणं सोपं, ते ट्यून करणारा माणूस हाताशी असणं अवघड. बहिरेपणासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७मध्ये आला, त्यात जिल्हा रुग्णालयात ऑडिओलॉजिस्ट असावा ही कल्पना आहे. २०१७ साली केंद्राची वयोश्री योजना आली, २०२४मध्ये राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना, ज्यात ६५ वर्षांवरच्या गरजू माणसाला साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. वाशीमला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेही २०२४मध्येच. त्याआधीची आमच्या घराची सवय एकच. काही झालं की मालेगाव, पातूरमार्गे अकोला!

अकोल्यावरून आठवलं. आता मुख्य गोष्ट.

गेल्या वर्षी आजीला एका दवाखान्यात स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं होतं. (दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) मी बाजूलाच बसलो होतो. खोलीत कूलर चालू, बाहेर गर्दी. तपासणाऱ्यानं मास्क लावून, कागदाकडे बघत प्रश्न विचारले. तीन शब्द सांगितले आणि म्हणाला, परत म्हणा. आजीनं एकच म्हटला, तोही वेगळाच. मग विचारलं, जिल्हा कोणता? हे नीट ऐकू आलं. आजी ठामपणे म्हणाली, "अकोला." झालं. फुली!

वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी, अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन. आजीचा जन्म १९४३चा. म्हणजे आयुष्याची पहिली पंचावन्न वर्षं तिचं उत्तर अगदी बरोबर होतं. कोर्टकचेरी, सातबाऱ्यावरचा जिल्हा, आजोबांच्या नोकरीचे कागद, सगळं अकोला. ती विसरली होती की जुन्या सवयीनं बोलली? मला खरंच सांगता येणार नाही. पण फुली एकच असते, तिच्यात हे दोन प्रकार वेगळे दिसत नाहीत.

त्या प्रश्नांचाही इतिहास बघितला. जगभर वापरतात ती ३० मार्कांची छोटी चाचणी १९७५मध्ये अमेरिकेत फोलस्टीन दांपत्य आणि मॅक्ह्यू ह्यांनी छापली. आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसांना ती अन्यायाची होते, हे ओळखून हरियाणात बल्लभगडच्या अभ्यासात तिचं हिंदी रूप केलं, ते १९९५मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे वाचायच्या आज्ञेऐवजी "मी करतो तसं करा" असा बदल केला. म्हणजे अक्षरओळख नसलेल्यांचा विचार झाला. पण चाचणीचा बहुतेक भाग तोंडीच. २०१६ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. चांगलं ऐकू येणाऱ्या तरुण मुलांना हीच चाचणी दिली, फक्त आवाज कमी ऐकू येईल अशी व्यवस्था करून. मार्क घसरले! धडधाकट पोरं कागदावर विसराळू ठरायला लागली.

आणि विसरण्याबद्दलची आपली समज तरी किती जुनी? आलॉइस अल्झायमरनं १९०६ साली ज्या बाईची केस मांडली ती पन्नाशीतली होती. त्यामुळे पुढची कित्येक दशकं हा आजार तुलनेनं तरुण माणसांचा दुर्मीळ आजार समजला गेला, आणि म्हाताऱ्यांचं विसरणं हे वयाचंच लक्षण धरलं गेलं. दोन्ही एकच आहेत हे रॉबर्ट कॅट्झमन ह्यांनी १९७६मध्ये ठासून मांडलं. म्हणजे "साठी बुद्धी नाठी" हे फक्त आपल्याच आजीआजोबांच्या पिढीचं अज्ञान नव्हतं. डॉक्टर लोकही साधारण तेच म्हणत होते, फक्त लॅटिनमध्ये.

कान आणि मेंदू ह्यांचा संबंध अलीकडे जोरात चर्चेत आला तो २०११मध्ये. फ्रँक लिन आणि सहकाऱ्यांनी ६३९ लोकांचा बरीच वर्षं माग काढला. ज्यांना मुळात कमी ऐकू येत होतं त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त दिसलं: सौम्य बहिरेपणात सुमारे दुप्पट, मध्यममध्ये तिप्पट, तीव्रमध्ये पाचपट. पण हा नुसता संबंध झाला, कारण नव्हे. मग मशीन लावल्यानं फायदा होतो का? २०२३मध्ये लॅन्सेटमध्ये अचीव्ह नावाची चाचणी आली. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, तीन वर्षं. एकूण सगळ्यांत फरक पडला नाही. पण ज्यांना मुळातच जास्त धोका होता त्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आता दोन बारीक मुद्दे, जे व्हॉट्सॲपवर येत नाहीत. एक, ह्यात डिमेन्शिया झालेली माणसं नव्हती, त्यामुळे "मशीन लावा, स्मृती परत येईल" असा अर्थ काढू नका. दोन, त्या लोकांना नुसतं मशीन दिलं नव्हतं. ऑडिओलॉजिस्टनं पुन्हा पुन्हा बसून ते कसं वापरायचं, गोंगाटात कसं ऐकायचं हे शिकवलं होतं.

आणि भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३मधला अंदाज आहे. ह्यातल्या किती जणांना प्रश्न नीट ऐकू आला होता, हा विचार मनातून जात नाही.

आजीचं काय झालं ते सांगतो. दिवाळीनंतर अकोल्याला नेऊन नीट ऑडिओग्राम काढला, नवीन मशीन ट्यून केलं, तीनदा परत गेलो. मग शांत खोलीत पुन्हा स्मरणशक्तीची तपासणी. मार्क वाढले, बरेच वाढले. पण नॉर्मल नाही आले. म्हणजे आजीला थोडा डिमेन्शिया आहेच. इतके दिवस आम्ही जे सगळं एकाच खात्यात टाकत होतो त्याचे दोन भाग झाले, आणि एका भागावर इलाज होता एवढंच. बाबा गाडीत बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, "पाच वर्षं आपण तिच्याशी कामापुरतंच बोललो रे."

आता घरात नियम केलेत. टीव्ही बंद करून मग बोलायचं. आधी खांद्याला हात लावायचा, समोर उजेडात बसायचं, एका वेळी एकच गोष्ट, खालच्या पट्टीत. (बेल आणि पोर्तुगालचा राजा, दोघांची आठवण झाली ना?) "काल कोण आलं होतं?" असे परीक्षेचे प्रश्न बंद. मिशेल बुर्जवा ह्या अमेरिकन बाईंनी १९९०च्या सुमारास स्मृती जाणाऱ्या लोकांसाठी फोटो आणि छोट्या वाक्यांच्या वह्या करून पाहिल्या, गप्पा सुधारतात असं त्यांना दिसलं. तशीच एक शंभर पानी वही मी केली. पानावर एक फोटो, खाली मोठ्या अक्षरात एक ओळ. पहिल्या पानावर आमचं घर आणि खाली: "हे आपलं घर. वाशीम. आधी जिल्हा अकोला होता, १९९८पासून वाशीम." आजीनं ते बोट फिरवत दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मंग मी काय चुकीचं सांगलं व्हतं?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुमच्या घरी कोणी "भ्रमिष्टासारखं" बोलत असेल तर कृपा करून आधी कान तपासा. कानात मळ साचला नाही ना, तेही बघा. ती पाच मिनिटांची गोष्ट असते. आणि स्मरणशक्तीच्या तपासणीला नेताना मशीन लावूनच न्या. त्या छोट्या गोल बॅटऱ्यांचं स्टिकर काढलं की त्या हवेनं चालू होतात आणि वापरा न वापरा, आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात, म्हणून चार पानं घरात ठेवा. घड्याळवाल्याकडच्या बॅटऱ्या चालत नाहीत, आम्ही करून पाहिलंय.

शनिवारी वाशीमला जातोय. बॅटऱ्या घेतल्यात. वहीची अजून बरीच पानं कोरी आहेत.